रिळावरचं नाव

सिंधूवन्संचं लग्न झालं त्या साली, दसरा उलटल्यावर, धाकटे मामंजी कराडहून हत्यारं न्यायला आले. वन्सं म्हणजे माझी एकुलती नणंद. वैशाखात तिला उजवली, मांडवाचे वासे ज्याचे त्याला परत केले, आणि आषाढात आमच्या ह्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात गेला, पाय गेला, वाचा गेली. तेव्हापासून ते खिडकीखालच्या बाजेवर होते.

"वहिनी, चहाचं राहू दे. आधी पेटी काढा," मामंजींनी दारातूनच सांगितलं.

"पेटीला काय पाय फुटलेत, भावजी? टेका तरी," सासूबाई म्हणाल्या.

मी चुलीपाशी होते. पेटी कशाला हवी ते मला कुणी सांगितलं नव्हतं, पण बाजेकडे पाहिलं तेव्हा कळलं. ह्यांनी डाव्या मुठीत बाजेचा सुंभ धरून ठेवला होता.

आम्ही विट्याचे कासार, पण भांडी विकणारे नव्हे, भांड्यांवर नावं घालणारे. माझे सासरे आणि हे धाकटे मामंजी, दोघं भाऊ छिन्नी-हातोडी घेऊन बाजार करायचे. लग्नसराईत घंगाळं, परात, समई, सगळ्यांवर देणाऱ्याघेणाऱ्यांची नावं. पुढे नावं घालायचं विजेचं यंत्र आलं. सासरे त्याआधीच गेले. ह्यांनी मग तांब्यापितळेचा नाद सोडला आणि घरी बसून रबराचे शिक्के कापायला लागले. सोसायट्या, दुकानं, शाळा, सगळ्यांना शिक्का लागायचा आणि तालुक्यात शिक्का कापणारं घर एकच होतं.

मामंजी बाजेपाशी बसले. "नरू, ऐकतोस ना? माडीखालची खोली झाडून ठेवलीय. तू, वहिनी, सूनबाई, सगळ्यांनी चला. हत्यारं आमच्या वामनाला होतील. इथं गंजून काय करायचीत?"

ह्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

"जेवतसुद्धा नाही कराडचं नाव काढलं की," सासूबाई म्हणाल्या. "पण मी किती दिवस बघू? मीच निरोप धाडला भावजींना. तिथं चार माणसं आहेत उठवायला-बसवायला."

तिथं चार माणसं होती हे खरं. सासूबाईंच्या जाऊबाई होत्या, त्यांच्या दोन सुना होत्या. मी तिथं कितवी झाले असते आणि कुठल्या चुलीपाशी बसले असते ते मला दिसत होतं. आणि हे माडीखाली, अंधारात, दुसऱ्याच्या घरातली हत्यारं वाजलेली ऐकत पडले असते.

मी चहाचे कप आणले आणि खाली ठेवताना म्हटलं, "हत्यारं इथं लागतात."

"कुणाला?" मामंजींनी विचारलं.

"मला."

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकला, प्याले, आणि मग सासूबाईंना विचारलं, "काय म्हणते ही?"

"कापते थोडंफार," सासूबाई म्हणाल्या. "पडून असलेलं रबर घेऊन बसते. अत्तारभाईंच्या सोड्याच्या कारखान्याचा शिक्का झिजला होता, तो हिनंच कापला. त्यांना वाटलं नरूनं डाव्या हातानं केला."

"बघू."

मी फळीवरचा कागद आणला. अत्तारभाईंना शिक्का द्यायच्या आधी त्यावर उठवून पाहिला होता. मामंजींनी तो लांब धरून पाहिला. त्यांना जवळचं दिसत नसे.

"नक्कल चांगलीय," ते म्हणाले. "जुना ठसा समोर ठेवून गिरवलास. पण नवं काम आलं तर? अक्षर ओळखतेस का?"

"नाही."

"घ्या," सासूबाई म्हणाल्या. "मी तेच म्हणते. शिक्का सांगितला सोसायटीचा आणि हिनं काढलं म्हशीचं नाव, तर सोसायटी काय म्हशीला सभासद करून घेणार आहे?"

मामंजी हसले. मलाही हसू आलं असतं, पण मी बाजेकडे बघत होते. हे मान वळवून आमच्याकडे बघायला लागले होते.

"हे सांगतात मला," मी म्हटलं. "चुकलं की बाजेच्या पाटीवर टिचकी मारतात. कागदावर लिहून आलेलं मी गिरवीन, हे बघतील, मी कापीन."

"एकाचे डोळे आणि दुसऱ्याचा हात," मामंजी म्हणाले.

"होय."

त्यांनी बशी खाली ठेवली. मग उठले, देवळीतला तांब्या घेतला आणि माझ्यासमोर ठेवला. रोज देवाला पाणी भरायचा तो तांब्या. त्याच्या गळ्याखाली नाव होतं.

"हे काय आहे ठाऊक आहे?"

"मोठ्या मामंजींचं नाव."

"दादाचं पहिलं काम. आमच्या घरात हत्याराला हात लावणाऱ्यानं पहिल्यांदा आपलं स्वतःचं नाव काढायचं, देवापुढं बसून. आपलं आपण. कुणी कित्ता द्यायचा नाही. दादानं तांब्यावर काढलं, मी घंगाळावर, नरूनं रबरावर. ज्याला आपलं नाव काढता येत नाही, तो लोकांची काय काढणार?" त्यांनी तांब्या परत देवळीत ठेवला. "बाईमाणूस आहेस म्हणून मी नाही म्हणत नाही. पण रीत मोडून हत्यारं ठेवायची नाहीत. काढशील नाव, तर पेटी राहील. नाहीतर उद्या सकाळच्या गाडीनं सगळे कराडला."

त्यांना वाटलं, विषय संपला. सासूबाईंनाही वाटलं. त्या कप उचलायला लागल्या.

"काढते," मी म्हटलं.

"काय काढतेस?"

"नाव. मला माझं नाव येतं."

"कुठल्या शाळेत गेलीस गं?" सासूबाईंनी विचारलं.

ते मी त्यांना सांगितलं नाही. इथं सांगते.

माझं लग्न होऊन तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. लग्नानंतर ह्या घरात आले तेव्हा लक्ष्मीपूजन झालं, आणि नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहायचं ते झालं. नाव सासूबाईंनी आधीच ठरवलं होतं, प्रमिला. मामलेदारांच्या बायकोचं ते नाव होतं. सासूबाई त्यांच्याकडे हळदीकुंकवाला गेल्या होत्या तेव्हा त्यांना ते फार आवडलं होतं. "प्रमिला," असं त्यांनी मोठ्यानं सांगितलं, साखर वाटली, बायका हसल्या.

मी ह्यांच्या शेजारी बसले होते. मुंडावळ्यांच्या आडून मला दुसरं काही दिसतच नव्हतं, फक्त ते ताट आणि अंगठी धरलेला हात. मला अक्षर येत नव्हतं, पण आकार यायचा. रांगोळी एकदा पाहिली की ती मी दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात काढत असे. ताटातला तो आकार मी तसाच घेतला. आधी एक वेटोळं, त्याच्या पुढे काठी, काठीच्या डोक्यावर मोराला असतात तसे दोन तुरे. मग आणखी एक आकार, आणि शेवटी दोन काठ्या शेजारीशेजारी. वरून सगळ्यांना धरणारी आडवी रेघ. कुणा मावळणीनं ताट हलवलं आणि ते मोडलं.

हे माझं नवं नाव, असं मनात धरून मी ते जपलं. कानाला ते नाव कधी आपलं वाटलं नाही. कुणी 'प्रमिला' म्हणून हाक मारली की मी आधी मागं बघायची. पण आकार मला आवडायचा. तांदूळ निवडताना सुपात काढायची, भाकरीच्या पिठात काढायची, चुलीच्या राखेत काढायची, आणि लगेच हात फिरवायची. एकदा हे पाणी प्यायला आत आले आणि परातीतल्या पिठाकडे बघत उभे राहिले. माझ्या हातून पुसायचं राहून गेलं होतं. आता हसतील असं वाटून मी घाईनं पुसलं. ते पाणी न पिताच बाहेर गेले. त्या दिवशी त्यांनी दुपारी बाजारातून आणलेली काकडी माझ्यासमोर ठेवली, काही न बोलता. ते बोलणारे नव्हतेच. हाक मारायची झाली तर "अगं ए" म्हणायचे. सगळेच तसं म्हणायचे तेव्हा.

तर मी पेटी उघडली.

चांभाराकडून आणलेलं तळव्याचं रबर होतं. त्याचा तुकडा कापला, दगडावर घासून सपाट केला. पातळ कागदावर शाईपेन्सिलीनं आकार काढायला घेतला. मामंजी खांबाला टेकून बसले होते. सासूबाई दारात, हातात कप तसेच.

वेटोळं काढलं. काठी काढली. तिच्या डोक्यावर दोन तुरे दिले.

बाजेवर सुंभ करकरला. मी मान वर केली. हे डाव्या कोपरावर उठून बसायला बघत होते.

"चुकलं का?" मी विचारलं.

टिचकी आली नाही. ते कागदाकडे बघत होते, मग माझ्याकडे, मग त्यांनी डोळे मिटून घेतले.

"सांगायचं नाही, नरू," मामंजी म्हणाले. "टिचकीसुद्धा नाही."

"तो कुठं सांगतोय? झोपलाय," सासूबाई म्हणाल्या.

माझा धीर सुटला. मला वाटलं, एवढी वर्षं मी आकारच चुकीचा जपला. ताट मोडताना काहीतरी निसटलं असणार. पण माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. मी पुढचा आकार काढला, दोन काठ्या काढल्या, वरची रेघ ओढली.

मग कागद ओला करून रबरावर पालथा घातला आणि चमच्याच्या पाठीनं घासला. कागद उचलला तेव्हा रबरावर जांभळा आकार उतरला होता, उलटा. शिक्क्याचं सगळं काम उलटं चालतं. उलटं कापलं की सुलटं उठतं. हे मात्र मला पाठ होतं.

कापायला ह्यांचं बांबूच्या चिमट्यात बांधलेलं दाढीचं अर्धं पातं घेतलं. आतली जागा खणायला छत्रीची काडी होती. छत्रीची काडी मुळातच पन्हाळीसारखी असते, तिचं टोक दगडावर परजलं की रबराची बारीक सळ निघते. पातं मधूनमधून पाण्यात बुडवायचं, नाहीतर रबर त्याला धरून ठेवतं. रेघेला धरून पातं आडवं घालायचं, उभं घातलं तर अक्षर खालून पोखरतं आणि शाई लावल्यावर वाकतं. हे सगळं मला ह्यांनी सांगितलं नव्हतं. शेजारी बसून रबर कापून देताना, लाकडाला चिकटवून देताना मी बघितलं होतं.

तुरे कापताना पातं घसरलं. दुसऱ्या तुऱ्याची कड थोडी उडाली.

"झालं?" मामंजींनी विचारलं.

"होतंय."

"माझ्या वेळी दादा असाच डोक्यावर बसला होता," ते म्हणाले. "मी घंगाळाला भोक पाडलं. आईनं त्यात पुढे तुळस लावली."

"आम्हाला कधी सांगितलं नाहीत, भावजी," सासूबाई म्हणाल्या.

"सांगण्यासारखं आहे का ते?"

रबराचा तुकडा मी दोऱ्याच्या रिकाम्या रिळाच्या बुडाला सायकलवाल्याकडच्या सोलुशननं चिकटवला. लाकडी मुठी संपल्या होत्या, म्हणून आषाढापासून मी शिंप्याकडून रिळंच आणायची. थोडा वेळ दाबून धरलं, आणि रीळ मामंजींच्या हातात दिलं. माझ्यानं उठवून बघवेना.

त्यांनी शाईची गादी ओढली, रीळ दोनदा टेकवलं, आणि अत्तारभाईंच्या कागदाच्या मागे दाबलं. उचललं. कागद घेऊन ते दाराच्या उजेडात गेले. परत आले, पुन्हा शाई लावली, पुन्हा दाबलं. पुन्हा उजेडात गेले.

"वहिनी," त्यांनी विचारलं, "तुमच्या सुनेचं नाव काय?"

"असं काय विचारता? प्रमिला. तुम्ही होता की लग्नात."

"मग ही हौसा कोण?"

माझा बाप माझ्या लग्नानंतर वर्षभरात गेला. आई त्याआधीच गेली होती. त्यानंतर ते नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मला वाटलं, मामंजी रागानं मला माझ्या माहेरच्या नावानं हाक मारतायत. पण त्यांना ते नाव ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

"हौसा हिचं माहेरचं नाव," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी कप खाली ठेवले. "कुणाकडून लिहून घेतलंस गं हे? खरं सांग."

"कुणाकडूनच नाही."

"मग रबरावर काय उगवलं?"

"आत्याबाई, हे ताटातलं आहे," मी सासूबाईंना म्हटलं. "लग्नात ह्यांनी अंगठीनं लिहिलं ते. मी तेव्हापासून तेच काढते. मला वाटत होतं, हे प्रमिला आहे."

मामंजींनी हातातला कागद खाली घेतला. मग तिघंही आम्ही बाजेकडे वळलो.

ह्यांचे डोळे उघडे होते. आम्ही बघतोय असं दिसल्यावर त्यांनी डाव्या हातानं धोतराचा सोगा ओढला आणि तोंडावर घेतला.

"नरू," मामंजी म्हणाले.

सोगा हलला नाही.

"अरे नरू, एवढा मोठा बाप्या तू," सासूबाई पुढे होत म्हणाल्या. "नाव मी सांगितलं, साखर मी वाटली, आणि तू खाली बसून भलतंच लिहिलंस? आळीतल्या सगळ्या बायका वाकून बघत होत्या तेव्हा."

"त्यातल्या किती जणींना वाचता येत होतं, वहिनी?"

"तुम्हाला येत होतं की."

"मी जिलबीच्या पातेल्यापाशी होतो," मामंजी म्हणाले.

सोग्याच्या आत हे हसत होते. तोंड एका बाजूला ओढलेलं होतं म्हणून आवाज विचित्र येत होता, आणि सोगा डोळ्यांवर ओला झाला होता.

सासूबाई बाजेच्या कडेला बसल्या. "सात वर्षं मी हिला प्रमिला प्रमिला करतेय," त्या म्हणाल्या, "आणि हा बाईलवेडा गप्प ऐकतोय." मग त्यांना आठवलं आपण काय ठरवलं होतं ते. "पण भावजी, रीत म्हणता ती रीत. हौसा नाव ह्या घरातलं नाही. हिनं ह्या घरातलं नाव काढलं नाही. पेटी उचला."

मी मामंजींकडे बघितलं. हे सोगा खाली घेऊन बघत होते.

मामंजींनी देवळीतला तांब्या पुन्हा काढला. भावाच्या नावावरून अंगठा फिरवला. मग रीळ उचललं आणि रबरावरूनही तसाच अंगठा फिरवला.

"दुसरी मात्रा उडालीय," ते मला म्हणाले. "शाई जास्त लागली तर भरेल."

"पातं घसरलं तिथं."

"घसरणारच. 'स'चं पोट पण कमी खणलंस." त्यांनी रीळ देवापुढे ठेवलं. "वहिनी, रीत आपलं नाव काढायची आहे. नाव कुणी ठेवायचं? नवऱ्यानं, ताटात. त्यानं जे लिहिलं ते हिचं. तुम्ही मोठ्यानं काहीही सांगा."

"म्हणजे मी मूर्ख."

"तुम्ही कशाला? आम्ही सगळेच साखर खात होतो."

त्यांनी पेटी जवळ ओढली, आतली हत्यारं एकेक करून बघितली आणि पुन्हा ठेवली. फक्त भांड्यांची छोटी हातोडी काढून पिशवीत टाकली. "ही नेतो. रबराला हातोडी लागत नाही." जाताना ते बाजेपाशी वाकले आणि ह्यांच्या कानात काहीतरी बोलले. ते काय बोलले ते मला कधी कळलं नाही. ह्यांनी त्यांच्या पाठीत डाव्या हातानं गुद्दा घातला.

संध्याकाळी सासूबाई ताट घेऊन आल्या. त्यात मूठभर तांदूळ होते.

"काढ बघू ते पुन्हा," त्या म्हणाल्या.

मी बोटानं काढलं. त्या वाकून बघत राहिल्या, त्यांनाही वाचता येत नव्हतं.

"तुरे छान आहेत," त्या म्हणाल्या, आणि तांदूळ घेऊन शिजवायला गेल्या. मला त्या शेवटपर्यंत प्रमिलाच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून हे मला शिकवायला लागले. तेच ताट, तेच तांदूळ, आणि डावा हात. पहिल्या दिवशी त्यांनी 'ह' काढला आणि माझ्याकडे बघितलं. बाकीची अक्षरं यायला मला दोन पावसाळे गेले. त्या दोन्ही सालांत पाऊस असा पडलाच नव्हता. घरी बसून शिकण्याखेरीज दुसरं काही नव्हतंही. आता मी लिहिते ते त्याच अक्षरांनी. तालुक्यातल्या सोसायट्यांचे, शाळांचे, दूध संघाचे कितीतरी शिक्के पुढे मी कापले, आणि एकाही सोसायटीनं म्हशीला सभासद करून घेतलं नाही. रीळ अजून देवळीत तांब्याशेजारी आहे. रबर कडक होऊन तडकलंय, दुसरी मात्रा आता उठत नाही.

ह्यांची वाचा पुढे थोडी आली. पाणी, दार, पातं, नको, असे सुटे शब्द यायचे. माझं नाव त्यांनी तोंडानं कधी घेतलं नाही, ना हे ना ते. मीही त्यांचं घेतलं नाही, मंगळागौरीचे उखाणे सोडले तर. तशी पद्धत होती.

नरहरी विठ्ठल कोळपकर एकोणीसशे एकोणऐंशी साली मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी सकाळी, विट्याच्या घरी खिडकीखालच्या बाजेवर वारले.